आखाजीला फटफटीनंच जायचं

घरात शांतता नांदत असेल आणि ती सहन होत नसेल, तर माणसानं एखादी बंद पडलेली फटफटी अंगणात आणून ठेवावी. हे मी गमतीनं सांगत नाही. माझा भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, हल्ली रविवारी आला की मोबाइलवर मला व्हिडिओ दाखवतो. कुणीतरी गंजलेली मोटारसायकल खोलत असतं, मागं मंद संगीत चालू, हातात स्वच्छ हातमोजे, सगळे नट-बोल्ट ओळीनं मांडलेले, आणि चहा संपायच्या आत ती नवरीसारखी नटून उभी. "मावशी, तुम्ही तर हे घरी केलं होतं! काय भारी!" असं तो म्हणतो. त्याला काय सांगू? आमच्याकडे संगीत नव्हतं, माय आणि आबांचं भांडण होतं. हातमोजे नव्हते, रॉकेलनं सोललेली बोटं होती. आणि हौस तर मुळीच नव्हती. निदान मला नव्हती. मला अक्काला घरी आणायचं होतं, आणि त्यासाठी एस.टी. पुरेशी होती. हे मी तेव्हाही सांगत होते, आताही सांगते, आणि माझं तेव्हाही कुणी ऐकलं नाही.

आमचं घर जळगावात डाळमिलच्या मागच्या गल्लीत. दिवसभर मिलची घरघर चालायची. तिची इतकी सवय झालेली की ती थांबली तर कान दुखायचे. तुरीच्या टरफलांची बारीक धूळ देवांवर, दुधाच्या पातेल्यावर आणि माझ्या फिजिक्सच्या पुस्तकांवर सारख्याच भक्तिभावानं बसायची. आबा सोनगीरकडच्या एका खेड्यातून पोती उचलायला इथं आले आणि पोती उचलता उचलताच मुकादम झाले. तोवर उजवा गुडघा कामातून गेला होता. घरात आई-वडील दोघंही अहिराणीच बोलायचे. मी कॉलेजात गेल्यापासून पुस्तकातलं बोलायला लागले, त्यावर माय हसायची आणि आबा गल्लीत सांगत फिरायचे. आमच्या सगळ्या भाऊबंदकीत पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, बी.एस्सी. फिजिक्स. हे मी आजही छाती काढून सांगते. त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण याच पोरीनं अंगणात इंजिनबद्दल एक वाक्य बोललं की आबा म्हणायचे, "तुले काय समजस त्याम्हातलं!" गल्लीत मी शास्त्रज्ञ, अंगणात मला पाना धरायची अक्कल नाही. हा हिशेब मला कधीच लागला नाही.

फटफटी मिलचीच. मिलचा दलाल पूर्वी तिच्यावरून डाळीचे नमुने घेऊन फिरायचा. मग तिनं चालणं सोडलं आणि ती गोदामामागं कबुतरांच्या ताब्यात गेली. शेटजींनी एक दिवस आबांना सहज म्हटलं, "मुकादम, ती घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." आबांनी ते सहज ऐकलं नाही. त्याच दिवशी दोन हमालांना धरून त्यांनी ती ढकलत घरी आणली. दोन्ही चाकांत हवा नाही, सीटच्या जागी कबुतराचं घरटं, आणि टाकी हलवली की आत गंजाचा खुळखुळाट.

"हाई काय आनं?" माय दारातूनच ओरडली. "भंगारवाल्याले द्यानं सोडीसन घर आनं!"

"भंगार नही शे ते. फटफटी शे," आबा म्हणाले.

"आबा, हिला किक मारावी लागते," मी म्हटलं. "तुमचा गुडघा वाकत नाही. किक कोण मारणार?"

आबांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू मी दिवसाउजेडी सूर्य कुठं आहे म्हणून विचारलं. "तू शे ना."

त्यांना एवढी निकड का होती, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. (ते वेडेपणाचंच होतं, पण कारण होतं.) आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळीला एकवेळ सासरी राहील, पण आखाजीला लेक माहेरी हवी. आणि ती आपली आपण येत नाही. माहेरचा मुराळी तिला घ्यायला जातो. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर चुलतभाऊ, काका, कोणीतरी बाप्यामाणूस. मुराळी दारात आला की सासरचे त्याला जेवू घालून, मान देऊन लेक त्याच्याबरोबर पाठवतात. अक्काचं लग्न चोपड्याला झालेलं, आणि ही तिची पहिली आखाजी. आम्हाला भाऊ नाही. एक चुलतभाऊ होता, तो सुरतेला मागावर कामाला लागलेला, सुटी नाही. राहता राहिले आबा. तेही एस.टी.नं गेले असते, पण लग्नाच्या मांडवात अक्काच्या सासऱ्यांनी, नानांनी, पानाचा विडा तोंडात फिरवत विचारलं होतं, "काय व्याही, आखाजीला तुमचा मुराळी कशावर येईल? एस.टी.वर का पायी?" सगळा मांडव हसला. आबाही हसले. पण ते वाक्य त्यांच्या कानात शिरलं ते शिरलंच, काट्यासारखं, आणि आता त्यांना ते फटफटीनं काढायचं होतं.

थंडी होती तेव्हा सुरुवात झाली. पहिली लढाई सायलेन्सरवरून. आतून काजळीनं पार बुजला होता. काजळी जाळून काढायची, एवढं आबांना ऐकून माहीत होतं. त्या संध्याकाळी माय अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजत होती. चांगली पांढुरकी हिरवी, मोठाली, बामणोदकडची. आबांनी कुणाला काही न विचारता सायलेन्सर त्याच जाळात वांग्यांशेजारी ठेवला. आधी पांढरा धूर निघाला, मग काळा, मग असा एक वास सुटला की शेजारच्या बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या. सायलेन्सर छान भाजला. वांगीही भाजली. त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात सगळं पडलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली, आणि पहिल्या घासाला आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. जळक्या ऑइलचं भरीत होतं ते. आबा मुकाट्यानं जेवले आणि वर म्हणाले, "चव बरी शे." माय पुढं दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ती शांतता मला आवडली होती, हे मी कबूल करते.

मग सीट. भाच्याच्या व्हिडिओत सीटमध्ये फोम असतो. आम्ही पडलो कापसाच्या मुलखातले. आबांनी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला आणि गादीवाल्याकडून सीट गादीसारखी भरून, टाके घालून घेतली. दिसायला लोड दिसायची. बसलं की आधी फुलासारखी, आणि थोड्या वेळानं कापूस दबला की खालची पत्र्याची कड बरोबर हाडाला. टाकीला रंग दिला तो पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला, गावाहून आणलेला, तांबडाभडक. "आबा, हा धातूवर धरत नाही." "बैलना शिंगंवर धरस, टाकीवर का नही धरनार?" यावर काय बोलणार? तुम्ही बोला.

एक गोष्ट मात्र मी केली आणि माझ्या रीतीनं केली. स्पार्क केव्हा पडतो, ते ठरवणारा पॉइंट बसवायचा होता. आबा आणि गल्लीतले सल्लागार तो अंदाजानं बसवून मला किक मारायला लावत. मी मारत राही, पाय सुजे, आणि गाडी फक्त खोकून गप्प होई. सल्लागारांचं एक बरं होतं, पाय माझा होता. शेवटी मी टॉर्चचा बल्ब, सेल आणि दोन तारा घेतल्या. पॉइंट उघडला की बल्ब विझणार, मिटला की लागणार. पिस्टन कुठं असताना तो विझतो हे बघत बघत मी ते चोख जुळवलं. प्रॅक्टिकलला आम्ही याहून अवघड करत होतो. पहिल्यांदा इंजिननं दोन-चार ठोके घेतले तेव्हा अंगणातली सगळी चिमणी-पाखरं उडाली, आणि आबा आनंदानं म्हणाले, "मारुतीले नारळ कबूल करेल व्हता मी!" माझा बल्ब अजून माझ्या हातात होता. मी तो तसाच खाली ठेवला.

पण नुसते ठोके पुरेसे नव्हते. इंजिन आतून खडखडत होतं, म्हणून पुन्हा उघडायचं ठरलं. तोवर ऊन तापलं होतं. चैत्र निम्मा झालेला आणि गल्लीभर बायकांची वाळवणं सुरू झालेली. मी सगळे सुटे भाग रॉकेलनं धुऊन, आबांचं जुनं धोतर अंगणात अंथरून, त्यावर ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं मांडले होते. डावीकडून उजवीकडे. जोडताना उजवीकडून उचलत यायचं, डोक्याला ताप नाही. मी वाणसामानाला जाऊन आले तर धोतर बाजेवर होतं, ओलं, आणि त्यावर ज्वारीच्या पिठाच्या बिबड्या पसरलेल्या. शेजारच्या चार बायका गोल बसून हात चालवत होत्या.

"माय, सामान कुठंय?"

"तठे डब्बाम्हा." मायनं मान न वळवता डाळीच्या डब्याकडे बोट दाखवलं. "बठ्ठं भरी ठेवं. मोठं मोठं खाले, बारीक वर्‍हे. एक बी सांडू दिधं नही."

तिनं ते कुरडया भरून ठेवाव्यात तसं भरून ठेवलं होतं. ज्या घरात प्रत्येक डाळ वेगळ्या डब्यात असते, त्या घरात माझं अख्खं इंजिन एका डब्यात. मी कपाळ धरून बसले. शेजारीण म्हणाली, "काय गं, बी.एस्सी. झाली ना तू? आठव की!" मी आठवलं. दोन दिवस लागले, पण मी ते सगळं पुन्हा क्रमानं लावलं, अगदी चोख. लावून झाल्यावर कळलं की एक सर्कलिप नाही. पिस्टनमध्ये एक आडवी पिन असते, ती बाजूला सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बसवायची स्प्रिंगच्या तारेची लहानशी कडी, तिला सर्कलिप म्हणतात. कानातल्या बाळीएवढी असते. एक होती, एक नव्हती. अंगण झाडलं, डबा पाखडला, बिबड्या उलटून पालटून बघितल्या. माय म्हणाली, "मन्ह्या बिबड्यास्ले हात लावू नको." आम्ही त्या वर्षी सगळ्या बिबड्या जपून चावल्या. सापडली नाही ती नाहीच.

धुळ्याला मामा ट्रकच्या गॅरेजात होता. त्याला निरोप गेला. तो बिचारा एस.टी.नं सर्कलिप घेऊन आला. ती हातातल्या बांगडीएवढी होती.

"मामा, ही ट्रकची आहे."

"सुमनबाई, लहानी मिळनी नही. पन माल एक नंबर शे!" मामानं ती अभिमानानं फिरवून दाखवली. "दाजी, ही वाकाडी घ्या ना जराशी."

"वाकाडानी गरज नही," आबा म्हणाले. त्यांनी मिलच्या चाळणीची तार कापून, पक्कडीनं वाळा करून आधीच तयार ठेवला होता.

मी समजावलं. चांगलं, शांतपणे समजावलं. ही तार मऊ आहे, इंजिन तापलं की हिचा ताण जाईल, कडी निसटेल, पिन सरकेल आणि सिलिंडर खरवडून गाडी बसेल. मी धुळ्याला जाते, स्वतः दुकानं फिरते, आपली आपण आणते. आखाजीला अजून वेळ आहे. मामा म्हणाला, ट्रकला ते असंच चालवतात. आबा म्हणाले, "तार ती तार." दोन पुरुष, एक पक्कड आणि माझी पदवी. पक्कड जिंकली.

त्याच आठवड्यात चोपड्याहून केळी घेऊन येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर अक्काचा निरोप आला. तिनं सांगितलं होतं, आबांना म्हणावं, कशानंही या, पण या. सासूबाई म्हणतात, शेजारच्या दोघींचे मुराळी येऊन गेले, तुझा आला नाही तर यंदा इथंच आखाजी. अक्का तशी रडणारी नव्हती. तिनं 'कशानंही' म्हटलं म्हणजे तिची काय अवस्था असेल, ते मला कळलं. मी तो निरोप आबांना दोनदा सांगितला, 'कशानंही' या शब्दावर जोर देऊन. त्यांना त्यातलं फक्त 'या' ऐकू आलं.

आखाजीला दोन दिवस उरले असताना आम्ही निघालो. सकाळी मी किक मारली, गाडी सुरू झाली, गल्ली धुरानं भरली, माय खोकत खोकत ओवाळायला आली आणि तिनं हळदीकुंकू सायलेन्सरला लावून हात भाजून घेतला. पुढं आबा, मागं मी, हातात आंब्यांची पिशवी. "आबा, येताना तुम्ही, मी, अक्का आणि तिची पेटी. ही फटफटी आहे का वडाप?" "येतानाचं येताना," आबा म्हणाले. मला खाली उतरवून जाता येत नव्हतं, कारण वाटेत बंद पडली तर किक कोण मारणार. तर मी त्या प्रवासात माणूस नव्हते, गाडीचा सुटा भाग होते.

खरं सांगायचं तर पहिला तुकडा झकास गेला. तापीचा पूल ओलांडताना खालून गार वारा आला. दोन्हीकडे केळीच्या बागा, त्यांच्या पाटांतला ओला वास. आबांनी डोक्याला गुंडाळलेला रुमाल फडफडत होता आणि ते जोरजोरात काहीतरी म्हणत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. त्यांची पाठ मी तेवढी ताठ कधी पाहिली नव्हती. मी जवळजवळ त्यांना माफ केलं. तेवढ्यात इंजिनमधून पाट्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला, मागचं चाक धरलं गेलं, आणि आम्ही डुगडुगत रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली जाऊन थांबलो.

मी उतरले आणि आंब्यांची पिशवी सावलीत ठेवली. आबा पाय लांब करून खाली बसले, इंजिनकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "पेट्रोलम्हा कचरा व्हई."

"आबा, ती तार आहे."

"कचरा शे."

ऊन चढत होतं. मी म्हटलं, "तुम्ही एस.टी.नं चोपड्याला जा, मी गाडीजवळ थांबते." ते म्हणाले, वयात आलेल्या पोरीला रस्त्यावर एकटं सोडून कसा जाऊ. मी म्हटलं, मग दोघं जाऊ. ते म्हणाले, गाडी सोडून कसा जाऊ, कोणी उचलून नेईल. मी म्हटलं, हिला उचलून नेणारा देवमाणूस कुठं आहे? मग मी म्हटलं, "ठीक. मग मी जाते. मी आणते अक्काला."

"येडी शे का तू? पोरगी कधी मुराळी व्हस का?"

"मग काय करू? इथं बसू? अक्का सकाळपासून पेटी भरून बसली असेल. अंधार पडला की तिला कळेल, कोणी आलं नाही. तुमच्या फटफटीची तिला काय पडलीय हो?"

त्यावर त्यांनी मान खाली घातली. लांबून एस.टी. येताना दिसली. त्यांनी आंब्यांची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. मी हात केला, गाडी थांबली, मी चढले. मागच्या काचेतून पाहिलं तर ते इंजिनपाशी उकिडवं बसायचा प्रयत्न करत होते आणि गुडघा त्यांना बसू देत नव्हता.

चोपड्याला अक्काच्या घराच्या ओट्यावर मी पोचले ती अशी की हात कोपरापर्यंत काळे, वेणी सुटलेली, ओढणीला ग्रीस. बाहेरच्या बाजेवर नाना. आत चाहूल लागली तशी अक्काच्या सासूबाईंनी रिवाजानं पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्याशी ठेवला आणि मग वर पाहिलं. दाराआड अक्का होती. नवं लुगडं, हातभर बांगड्या, शेजारी पेटी. तिचा चेहरा माझ्यावरून माझ्या मागं रस्त्यावर गेला, आणि तिथं कोणी नाही हे बघून परत आला.

"या या," नाना म्हणाले. "मुराळी कुठंय? गाडी लावतो का?"

"मुराळी मीच."

"आं?"

"आबांची गाडी वाटेत बसली. आबा तिच्यापाशी आहेत. मी घ्यायला आलेय."

नाना हसले. मांडवात हसले होते तसेच. "काय बाई! एस.टी. नाही, पायी नाही, आता पोरगीच धाडली? आमच्याकडे असं नाही होत. बाप्यामाणूस लागतो. घरात कोणी बाप्या उरला नाही का?"

"उरलाय ना. तो गाडी राखतोय."

"तर मग त्याची गाडी सुधरली की येईल तो. अजून दोन दिवस आहेत. बस तू, पाणी पी, जेव, आणि संध्याकाळच्या गाडीनं जा."

मी उभीच होते. आधीच त्या दिवसापुरतं माझं डोकं पुरुषांच्या अडाणी हट्टानं शिगोशीग भरलं होतं, त्यात आता आणखी जागा नव्हती. मी नानांना उत्तर दिलं नाही. चपला काढल्या, उंबऱ्याशी ठेवलेला तांब्या उचलला आणि पाय धुतले. आधी उजवा, मग डावा. टाचा घासून, सावकाश. आमच्याकडे दारात पाय धुतलेला मुराळी रिकाम्या हातानं परत जात नाही. हे नानांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सासूबाईंना तर फारच चांगलं माहीत होतं. तांब्या रिकामा करून मी तो पालथा ठेवला.

शेजारच्या ओट्यांवर बायका जमल्या. मग सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "धुतले पाय तिनं. आता बोला."

"अगं, पण ती पोरगी..."

"पाणी कोणी ठेवलं? मी ठेवलं. माझं पाणी फिरवता का तुम्ही? गल्ली बघतेय. उठा, ताट करते मी."

मला पाटावर बसवलं. पुरणपोळी, रस, वर तूप. अक्का वाढायला आली ती माझ्याकडेच बघत, आणि तिनं रस ताटाबाहेर सांडला. मी काळ्याच हातांनी जेवले, कारण ग्रीस पाण्यानं जात नाही. जेवण झाल्यावर सासूबाईंनी मुराळ्याचा आहेर आणला. तो आधीच आणून ठेवलेला, टॉवेल आणि टोपी. पांढरी, कडक, घडीची. त्यांनी टोपीकडे पाहिलं, मग माझ्या सुटलेल्या वेणीकडे. मग म्हणाल्या, "आता दुसरं कुठून आणू? हेच घे." त्यांनी मला कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर ठेवला, आणि टोपी हातात दिली. मी ती डोक्यावर घातली, वेणीवरून, नीट बसवून. नाना इकडेतिकडे बघत होते. शेवटी त्यांना हसू फुटलं, पण हे हसू मांडवातलं नव्हतं. अक्काची पेटी त्यांनी स्वतः उचलून स्टँडपर्यंत आणली.

भाचा विचारतो, मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली? त्याला कसं सांगू की त्या दिवशी भीतीला रांगेत उभं राहावं लागलं असतं. मला फक्त संताप येत होता. फटफटीचा, तारेचा, नानांचा, आणि उन्हात बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा, ज्यानं सकाळपासून पाणी प्यायलं असेल की नाही याचीही मला काळजी करावी लागत होती.

निंबाखाली आम्ही उतरलो तेव्हा आबांनी कुठल्यातरी शेतकऱ्याकडून पाना मागून इंजिन उघडलं होतं. हात माझ्याहून काळे. अक्का पाया पडायला वाकली, तर त्यांनी लुगडं खराब होईल म्हणून दोन्ही हात पंख केल्यासारखे लांब धरले आणि नुसतेच तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. जळगावकडे जाणारा एक केळीचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं आणि त्याच्या माणसानं फटफटी वर चढवली, आम्ही तिघं केळीच्या पानांवर बसलो. ड्रायव्हर दोर बांधता बांधता म्हणाला, "आखाजीला लेक न्यायची का? तुम्ही गेलते वाटतं मुराळी, आबा?"

आबांनी गाडीचं हँडल धरून ठेवलं होतं. "नही," ते म्हणाले. "मी आठेच व्हतू. मुराळी हाई शे. मन्ही आंडेर." आणि माझ्याकडे बोट केलं. आंडेर म्हणजे मुलगी. ड्रायव्हरनं टोपीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोर बांधायचा विसरला.

अक्कानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता हा माणूस एवढ्यावर थांबेल. एकदाच, आयुष्यात एकदाच.

"पन अर्धी वाट तिले आनं कोनी?" आबा ड्रायव्हरला म्हणाले. "फटफटीनी!"

पुढं घर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. टोपी मात्र काढली नाही.